दोन दिवसांचं लेझर ट्रेनिंग आणि जाहिरातीतला माझा फोटो : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
आणि आरोग्य खातं, महापालिका, मेडिकल कौन्सिल, विद्यापीठ, जिथे जिथे हा विषय येतो आणि पुढच्या टेबलाकडे सरकतो तिथल्या सगळ्यांना,

नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या पार्लरवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर केस काढायच्या लेझरची एक जाहिरात आली. दोन दिवसात लेझर एक्सपर्ट बना, सर्टिफिकेट मिळेल, जेवण फ्री, जागा मर्यादित. खाली सोनेरी बॉर्डरची सर्टिफिकेटं हातात धरून हसणाऱ्या सहा बायका. त्यातली डावीकडून दुसरी, जांभळ्या ड्रेसमधली, ती मी.

फोटो वापरताना मला कुणी विचारलं नाही, ते एक वेळ सोडा. पण ते सर्टिफिकेट घरी आणल्यावर अकराव्या दिवशी माझ्याच हातून माझ्या सख्ख्या जावेची हनुवटी भाजली हे त्या जाहिरातीत कुठे लिहिलेलं नाही. म्हणून मी इथे लिहितेय. जाहिरातीखाली ग्रुपमधल्या चौघींनी अंगठा टाकलाय, त्यातल्या दोघी माझ्या ओळखीच्या आहेत आणि त्यांना मी फोन करून सांगितलं, पण मी किती जणींना फोन करत बसणार.

मी नाशिकला सिडकोत अठरा वर्षं पार्लर चालवते. थ्रेडिंग, वॅक्स, फेशियल, लग्नसराईत ब्रायडल. हाताखाली दोन मुली आहेत. गेल्या चार-पाच वर्षांत वॅक्सच्या नेहमीच्या पोरी कमी व्हायला लागल्या, कुठे गेली ग म्हटलं की ताई मी लेझर चालू केलं, कॉलेज रोडला, गंगापूर रोडला, कुणी इंदिरानगरला. तशात एक डीलर आला, टॅबवर हिशोब दाखवला की रोज तीन क्लायंट धरले तरी मशीन वर्षात फिटते, साडेतीन लाख, हप्ते पाडून देतो, ट्रेनिंग आमच्याकडून मोफत. मी हावरट नाही पण दुकानाचं भाडं आणि पोराची फी कुणाला चुकलीय, घेतली मशीन.

ट्रेनिंग एका हॉटेलच्या हॉलमध्ये, आम्ही चौदा जणी. पहिला दिवस सगळा मार्केटिंगचा, पॅकेज कसं विकायचं, आठ सिटिंगचे पैसे आधी कसे घ्यायचे, रील कसं बनवायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन चालू केली, प्रत्येकीच्या वाट्याला हॅन्डपीस, म्हणजे कातडीवर टेकवायचा मशीनचा भाग, दहा मिनिटं आला असेल. गॉगल चौदा जणींत दोन, एक ट्रेनरला आणि एक जिच्यावर डेमो चाललाय तिला. मी विचारलं, हे ज्यूल म्हणजे काय आणि किती ठेवायचं, तर म्हणे मॅडम तुम्ही टेन्शन घेऊ नका, मशीनमध्ये सगळं सेट असतं, तुम्ही फक्त स्क्रीनवर स्किन टोन निवडायचा. स्क्रीनवर सहा चेहरे होते, गोऱ्यापासून काळ्यापर्यंत. त्यातल्या पहिल्या दोन रंगांची बाई मी सिडकोत अठरा वर्षांत बघितलेली नाही.

माझी जाऊ अंबड एमआयडीसीत कंपनीत आहे, रोज स्कूटीवर जाते. हनुवटीवरचे केस दर दहा दिवसांनी माझ्याच खुर्चीत बसून काढायची, सहा वर्षं. म्हणाली ताई, पहिली मीच बसते, तुझ्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवू. मे महिना, उन्हाने तोंड रापलेलं, ते मी विचारातच घेतलं नाही कारण ते विचारात घ्यायचं असतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. स्क्रीनवरचा चौथा चेहरा निवडला आणि शॉट दिले. तिसऱ्या-चौथ्या शॉटला ती हाय हाय करायला लागली, मी म्हटलं थोडं सहन कर, असं होतंच म्हणतात. ते 'असं होतंच' मला ट्रेनिंगमध्येच शिकवलेलं. रात्री फोड आले. आठवड्याने फोड बसले आणि खाली काळे चौकोन उमटले, हॅन्डपीसच्या काचेच्या बरोब्बर मापाचे, पोस्टातला शिक्का मारावा तसे. रस्त्यावर स्कार्फ गुंडाळलेला असतो म्हणून दिसायचं नाही, पण कंपनीत दिवसभर स्कार्फ कसा बांधणार. सात महिने लागले डाग फिके व्हायला, दोन अजून दिसतात. ती मला एका शब्दाने बोलली नाही. सासूबाई बोलल्या, आणि बरोबर बोलल्या.

डीलरला फोन केला तर म्हणाला पॅच टेस्ट केली नसेल तुम्ही. पॅच टेस्ट, म्हणजे आधी थोड्याशा जागेवर मारून बघणं, हा शब्द दोन दिवसात एकदाही निघाला नव्हता. आणि बिलासोबत ज्या कागदावर माझी सही घेतली त्यात बारीक अक्षरात होतं की वापराची सगळी जबाबदारी खरेदीदाराची.

मग जावेला घेऊन नाशिकमधल्याच एका स्किनच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी पहिलं विचारलं, मशीनची वेव्हलेंथ किती? मी म्हटलं मॅडम, पांढऱ्या रंगाची आहे, निळी पट्टी. त्या हसल्या नाहीत, म्हणून मला जास्त लाज वाटली.

त्यांनी अर्धा तास बसून जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत इथे लिहिते, कारण माझ्यासारख्या कितीतरी जणींना ते माहीत नाही आणि आमच्याकडे येणाऱ्या पोरींना तर नाहीच. लेझरचा प्रकाश काळा रंग दिसेल तिथे तापवतो. केसाच्या मुळातलं मेलॅनिन, म्हणजे काळा रंग देणारं द्रव्य, तो प्रकाश पितं, तापतं, मूळ जळतं, एवढंच त्यातलं शास्त्र, १९८३ साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी ते मांडलं. पण तेच मेलॅनिन आपल्या कातडीतही असतं आणि हा काळा केसाचा का कातडीचा ते प्रकाशाला कळत नाही, ते चालवणाऱ्याला कळावं लागतं. गोऱ्या कातडीवर खाली काळा केस, सोपं काम. आपली कातडी त्या सहा रंगांच्या पट्टीत बहुतेक करून चार-पाच नंबरची, त्यात उन्हाने रापलेली, मग वरची कातडीच आधी भाजते. म्हणून कुठली वेव्हलेंथ, म्हणजे प्रकाशाच्या लहरीची लांबी, ते महत्त्वाचं, ७५५ नॅनोमीटरची अलेक्झांड्राइट, ८१० च्या आसपासची डायोड, १०६४ ची एनडी-याग. १०६४ चा प्रकाश मेलॅनिन कमी पितं आणि तो खोल जातो, म्हणून गडद कातडीला तो जास्त सुरक्षित. शिवाय एका शॉटची ताकद किती ज्यूल, शॉट किती मिलिसेकंदाचा, वरून थंडावा किती. बऱ्याच पार्लरमध्ये लेझर म्हणून जे चालतं ते तर लेझर नसतंच, आयपीएल असतं, म्हणजे बऱ्याच वेव्हलेंथचा मिसळलेला झगझगाट, गडद कातडीवर त्याला अजून जपावं लागतं. आणि माझा निळ्या पट्टीचा डबा यातला कुठला?

आणखी दोन गोष्टी मला रात्री झोपू देत नाहीत. एक म्हणजे आरसे. माझ्या पार्लरला तीन भिंतींना आरसे आहेत, कुठल्या पार्लरला नसतात? लेझरच्या खोलीत आरसा उघडा ठेवायचा नसतो, कारण परत आलेला किरणही डोळ्याचा पडदा जाळू शकतो, आणि हा प्रकाश डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही त्यामुळे आपण पापणी मिटत नाही. गॉगलसुद्धा कुठलाही चालत नाही, त्या त्या वेव्हलेंथचा लागतो. माझी एक मुलगी, वय एकोणीस, त्या दिवशी मला जेल देत शेजारी उभी होती, डोळ्यावर काही नाही. तिला काही झालं नाही, नशीब.

दुसरी गोष्ट, मॅडमनी जावेला रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी करायला लावली. हॉर्मोनचा त्रास निघाला, पीसीओएस. हनुवटीवर अचानक वाढणारे जाड केस ही बऱ्याचदा आतली खूण असते. सहा वर्षं मी ती खूण दोऱ्याने उपटत होते आणि आता आठ सिटिंगचं पॅकेज लावून जाळणार होते. वर केस परत येणार नाहीत अशी गॅरंटी देऊन. सगळे केस एका वेळी वाढत नसतात, वाढीला लागलेल्यांवरच लेझर चालतो म्हणून महिना-दीड महिन्याच्या अंतराने सिटिंग लागतात, आणि हॉर्मोन बिघडलेलं असेल तर नवे केस येतच राहतात. स्किनच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या २००८ च्या गाइडलाइनमध्येसुद्धा त्याला हेअर रिडक्शन म्हटलंय, म्हणजे केस कमी होणं. कायमचे जाणं हा आमच्या बोर्डावरचा शब्द.

आता तुमच्याकडे येते साहेब.

मला एवढंच शोधायचं होतं की ही मशीन लावायला कुठलं लायसन लागतं आणि डीलरची तक्रार कुठे करायची. चार ऑफिसं फिरले, नावं घेत नाही कारण मला कुणा क्लार्कला अडचणीत आणायचं नाही, त्यातल्या एकाने तर चहा पाजला. एका ठिकाणी म्हणाले पार्लर आमच्यात येत नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले दुकानाची नोंद आहे ना, मग झालं. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले तुम्ही डॉक्टर असतात तर तुमच्यावर कारवाई झाली असती, तुम्ही डॉक्टर नाही म्हणून आमचा अधिकार नाही. हे मी दोनदा विचारून खात्री केली. मला काही येत नाही म्हणून मला कुणी हात लावू शकत नाही! चौथ्या ठिकाणी पोलिसात जा म्हणाले, म्हणजे माझ्याविरुद्ध मीच.

कायदे नाहीत असं नाही. महाराष्ट्राचा १९६१ चा मेडिकल प्रॅक्टिशनर्स अॅक्ट आहे, केंद्राचा २०१९ चा नॅशनल मेडिकल कमिशन अॅक्ट आहे, त्यात रजिस्ट्रेशन नसताना डॉक्टरकी केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही असं लिहिलंय. पण हनुवटीवर लेझर मारणं ही डॉक्टरकी का ब्युटी, हे मला कुठल्याच कागदात सरळ मराठीत किंवा इंग्रजीत लिहिलेलं सापडलं नाही. १९४९ चा नर्सिंग होमचा कायदा आहे तो पेशंट ठेवून घेणाऱ्या दवाखान्यांसाठी. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्याने घेतलाच नाही. मेडिकल डिव्हाइसचे २०१७ चे नियम आहेत, ते मशीन बनवणाऱ्याला, बाहेरून आणणाऱ्याला, विकणाऱ्याला. विकल्यानंतर ती कुणाच्या हातात गेली आणि त्या हाताला काय येतं, तिथे सगळे कागद संपतात.

आता तुलना बघा. गल्लीतल्या सोनोग्राफी सेंटरला गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याने मशीनची नोंद लागते, मशीन एका जागेवरून दुसरीकडे हलवली तरी कळवावं लागतं. दाताच्या डॉक्टरच्या छोट्याशा एक्सरे मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाकडे जावं लागतं. लेझर त्या जातीचं रेडिएशन नाही म्हणून ते मंडळ त्यात येत नाही, ठीक आहे, मग दुसरं कोण येतं? माझ्या पार्लरखाली मिसळवाला आहे, त्याच्या भिंतीवर फूड लायसन लावलेलं आहे. वरच्या मजल्यावर मी माणसाची कातडी भाजणारी मशीन ठेवून बसले होते आणि माझ्या भिंतीवर काय, तर सोनेरी बॉर्डर.

सप्टेंबर २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने हेअर ट्रान्सप्लांट आणि एस्थेटिक, म्हणजे दिसण्यासाठीच्या, सर्जरीबद्दल सूचना काढल्या, त्यात वर्कशॉप किंवा यूट्यूब बघून शिकणं हे पुरेसं ट्रेनिंग नाही असं स्पष्ट म्हटलंय. वाचून बरं वाटलं, पण ते डॉक्टरांसाठी. आम्हाला कोण सांगणार? आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही, इंग्लंडमध्ये २०१० साली ब्युटीच्या लेझरवरची सरकारी नोंदणी काढून टाकली होती, मग २०१३ मध्ये सरकारनेच नेमलेल्या समितीने ट्रेनिंगचे नियम हवेत म्हणून सांगितलं आणि २०२२ च्या कायद्यात लायसनची तरतूद आली. म्हणजे त्यांनाही मागे वळायला बारा वर्षं लागली, आपण निदान तेवढी तरी लावू नका.

डॉक्टरांवरही बोलते, नाहीतर वाटेल पार्लरवालीच पार्लरवाल्यांवर उलटली. बोर्डावर डॉक्टरचं नाव आणि आत डॉक्टरचा पत्ता नाही, मशीन चालवते बारावी झालेली पोरगी आठ-दहा हजार पगारावर, अशी ठिकाणं मला माहीत आहेत कारण त्यातल्या एका पोरीने आधी माझ्याकडे काम केलंय. तिला भाजल्याचा दोष येतो, पॅकेजचे पैसे दुसऱ्याकडे जातात. नावामागे कॉस्मेटॉलॉजिस्ट लावलं म्हणजे स्किनचा डॉक्टर होत नाही, आणि नावाआधी डॉक्टर असलं तरी प्रत्येक जण स्किनचं शिकलेला नसतो, हे गिऱ्हाईकाला कसं कळणार? तिला पांढरा कोट दिसतो.

माझं म्हणणं लेझर बंद करा असं नाही, आणि फक्त मोठ्या क्लिनिकवाल्यांनाच द्या असंही नाही. तसं केलंत तर उद्या हेच सगळं बंद दाराआड चालेल आणि अजून वाईट चालेल. मागणं असं आहे.

पहिलं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, मशीन विकणाऱ्याने सर्टिफिकेट देणं बंद करा. ज्याला मशीन खपवायची आहे तो कुणाला नापास कसा करेल? आमच्या चौदाही जणी पास झाल्या, एक तर दुसऱ्या दिवशी आलीच नव्हती, तिचं सर्टिफिकेट तिच्या बहिणीने नेलं. साहेब, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आमच्याच गावात आहे, म्हसरूळला, सिडकोतून रिक्षाने जाता येतं. राज्यभरातल्या डॉक्टर-नर्सच्या डिग्रीच्या बहुतेक परीक्षा तिथून होतात, फेलोशिप आणि सर्टिफिकेट कोर्स तिथे चालतात. लेझर चालवणाऱ्यांसाठी एक कोर्स तिथून काढा. डॉक्टरांचा वेगळा, ऑपरेटरचा वेगळा, मराठीत. त्यात कातडी, मशीन, डोळ्यांची काळजी, कुणाला लेझर करायचाच नाही हे सगळं असू दे. तीळ आणि टॅटूवर मारायचा नाही, पिंपल्सच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही, नुकती उन्हात रापलेली असेल तर थांब म्हणायचं, एवढं तरी. ठराविक सिटिंग डॉक्टरच्या नजरेखाली करून घ्या आणि मग परीक्षा घ्या. आयटीआयमध्ये कॉस्मेटोलॉजीचा ट्रेड वर्षभराचा असतो, मेकअप आणि केसांसाठी वर्ष आणि लेझरला दोन दिवस, त्यातही जेवणाची सुट्टी.

दुसरं, प्रत्येक मशीनची नोंद. जिल्ह्यात किती मशीन आहेत, कुठल्या वेव्हलेंथच्या, कुणाच्या नावावर, सिरीयल नंबर काय. सोनोग्राफीचं जमतं तर हेही जमेल. नोंद नसलेल्याला विकली तर डीलरला दंड, बारीक अक्षरातल्या सहीमागे त्याला लपता येऊ नये.

पहिल्या सिटिंगआधी डॉक्टरने पेशंट बघितलाच पाहिजे, आणि लेझर चालू असताना डॉक्टर त्या जागेत हवा, फोनवर नाही. भिंतीवर मराठीत लिहिलेलं असावं की मशीन कुठली, चालवणारी कोण, ती काय शिकलीय, डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर किती. संमतीचा कागद मराठीत आणि मोठ्या अक्षरात, त्यात भाजू शकतं आणि डाग पडू शकतो हे शब्द असावेत.

आणि तक्रारीला एकच खिडकी, नाशिकमध्येच, जिथे पोचपावती मिळेल. सिंहस्थाच्या तयारीत सगळ्यांची धावपळ चाललीय हे मला दिसतंय, निम्मे रस्ते उकरलेत, पण एक खिडकी उघडायला रस्ता उकरावा लागत नाही.

शेवटचं आमच्यासाठी. नियम आणाल तेव्हा आम्हाला सहा महिने-वर्षाची मुदत द्या, कोर्सची फी परवडेल अशी ठेवा, आणि ज्या बायका प्रामाणिकपणे येऊन सांगतील की आमच्याकडे मशीन आहे आणि आम्हाला ती चालवता येत नाही, त्यांना आधी दंडाची नोटीस पाठवू नका. नाहीतर कुणीच येणार नाही.

मला माझी चूक कुणाच्या अंगावर ढकलायची नाही. शॉट मी दिले. जावेच्या औषधांचा खर्च मी केला, अजून तिच्या तोंडाकडे नीट बघवत नाही. मशीन त्या दिवसापासून बंद आहे, मागच्या खोलीत जुनी चादर टाकून ठेवलीय, हप्ते अजून चौदा राहिलेत. डीलर म्हणतो अर्ध्या किमतीत परत घेतो, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. म्हणजे ती पुन्हा कुणाच्या तरी हनुवटीवर जाणार, म्हणून देत नाही. नवरा म्हणतो वेडी आहेस.

साहेब, सिरीयल नंबर मशीनच्या मागच्या स्टिकरवर आहे, बिलही जपून ठेवलंय. ज्या दिवशी तुमचं कुणी नोंदवहीत पहिलं नाव लिहायला निघेल त्या दिवशी माझ्याकडे या. सोमवारी पार्लर बंद असतं, बाकी कधीही अकरानंतर.

आपली,
एक पार्लरवाली
सिडको, नाशिक